कढईत मोजा, ताटात नको

वाचकाचं पत्र:

"नमस्कार मॅडम. मी अमळनेरला राहते. वय ३८, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. घरात आम्ही सहा जण. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. सासऱ्यांना शुगर आहे, गोळी चालू आहे. पुण्याच्या मैत्रिणीचं पॉइंटच्या ॲपवर वजन उतरलं म्हणून मीही पैसे भरून ते घेतलं. दिवसाला ठरावीक पॉइंट मिळतात, त्यात बसेल तेवढं खायचं. पण त्यात आपलं जेवणच सापडत नाही. भरीत शोधलं तर 'बाबा गनूश' आलं, शेवभाजीला काहीच आलं नाही, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीच्या जागी मी गव्हाची पोळी टाकते. केळी शून्य पॉइंटची आहेत म्हणून भूक लागली की केळी खाते. दिवसभर पॉइंट वाचवते आणि रात्री नऊनंतर डब्यातली शेव खाल्ली जाते. दोन महिने झाले, काटा हललेला नाही. मी वाटीनं भाजी मोजून घेते ते सासूबाईंना आवडत नाही. म्हणतात, 'घास मोजीसन कोनी खास का?' माझ्यापुरता वेगळा स्वयंपाक करू का? आपल्याकडच्या पदार्थांचा पॉइंटचा तक्ता मिळेल का? आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी काय करायचं?"

उत्तर:

ताई, वेगळा स्वयंपाक अजिबात करू नका. दोन भाज्या, दोन कढया, शिवाय सगळ्यांच्या नजरेत 'हिचं आपलं वेगळं'. असं चार-सहा आठवड्यांच्या वर कुणाला जमत नाही, आणि ते सुटलं की दोष तुम्ही स्वतःला देणार. शिवाय तुमच्या घरात सासऱ्यांना शुगर आहे. ज्या भाजीनं तुमचं वजन वाढतं ती त्यांनाही सोसत नाही. तेव्हा बदल करायचा तो सहा जणांच्या एकाच कढईत.

मोजण्याची कल्पना मात्र मला पटते. तुम्ही सोडून देऊ नका, फक्त मोजण्याची जागा बदला.

ही पॉइंटची पद्धत कुठून आली ते थोडं सांगते, म्हणजे ती तुमच्या घरात का अडखळते ते कळेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची एक गृहिणी होती. वजन उतरवण्यासाठी तिनं मैत्रिणींना आपल्या घरी जमवायला सुरुवात केली, आणि त्यातून १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही संस्था उभी राहिली. पॉइंट आले ते १९९० च्या दशकात. सुरुवातीचं गणित साधं होतं. सुमारे ५० कॅलरीला एक पॉइंट, चरबी जास्त असेल तर पॉइंट वाढणार, तंतुमय भाग असेल तर थोडे कमी होणार. पुढे हे सूत्र बऱ्याचदा बदललं. साखर आणि संपृक्त चरबी यांच्यावर पॉइंट वाढवले, प्रथिनांना सूट मिळाली, भाज्या-फळं शून्यावर आली. म्हणून एकाच पोळीचे पॉइंट तीन ठिकाणी तीन वेगळे दिसतात. त्यात खरं कुठलं हे शोधत बसू नका.

ज्या स्वयंपाकघरांसाठी हे बनलं तिथे बरंचसं अन्न पाकिटातून येतं. पाकिटावर आकडे छापलेले असतात, ते टाकले की पॉइंट मिळतात. तुमच्या कढईवर काही छापलेलं नाही. 'बाबा गनूश'मध्ये भाजलेलं वांगं असतं खरं, पण त्यात तिळाची चटणी आणि ऑलिव्ह तेल घालतात. आपल्या भरतात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि शेंगदाण्याचं तेल. तेही किती, ते ज्याच्या त्याच्या हातावर. अमळनेरच्या एका घरातलं भरीत आणि शेजारच्या घरातलं भरीत यांच्यात दुपटीचा फरक असू शकतो. कुठलंही ॲप ते ओळखू शकणार नाही. म्हणूनच तुम्ही मागितलेला पदार्थांचा तक्ता मी देणार नाही. तो माझ्या कढईचा होईल, तुमच्या नाही.

त्याऐवजी कच्च्या जिनसांचा हिशोब देते. मूळचाच ५० कॅलरीचा पॉइंट धरते. तेल किंवा तूप ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे १ पॉइंट. शेंगदाणे, शेव, सुकं खोबरं ९ ग्रॅमला १ पॉइंट. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, डाळ, बेसन, यांतलं काहीही कोरडं १५ ग्रॅम म्हणजे १ पॉइंट. साखर-गूळ १२-१३ ग्रॅमला १. वांगं, गिलकं, मेथी, पालक, दोडका, कोबी, टोमॅटो, कांद्याची पात यांना शून्य धरा. हे आकडे थोडे इकडे-तिकडे गोल केलेले आहेत, पण घरच्या हिशोबाला पुरेसे आहेत. बारकाईनं पाहायचं असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची सारणी प्रसिद्ध केली आहे. आपल्या ज्वारी-उडदाचे आकडे हवेत तर ते तिथे बघावेत.

यासाठी एक डिजिटल वजनकाटा आणि एक वही लागेल. प्रत्येक पदार्थ एकदाच मोजायचा. रोज नाही.

भरीत घ्या. सहा जणांसाठी दीड किलो वांगी. बामणोदची मिळाली तर फारच छान. समजा कढईत १०० ग्रॅम तेल पडलं आणि १०० ग्रॅम शेंगदाणे. तेलाचे २०, दाण्यांचे ११, मिळून ३१. सहा जणांत वाटले तर माणशी ५ पॉइंट. तेल निम्मं केलं तर साडेतीन. भरीत हा मुळात हलका पदार्थ आहे हे यातून लगेच दिसतं. दीड किलो वांग्यात भार वाढतो तो फक्त तेल-दाण्यांचा. आणि खरी गडबड भरीताशेजारी असते. एक पुरी साधारण २ पॉइंटची. हिवाळ्यात शेतावर भरीत-पुरीचा बेत होतो, गप्पांत पाच-सहा पुऱ्या पोटात जातात आणि १०-१२ पॉइंट तिथेच संपतात. त्याच भरीताबरोबर ६० ग्रॅम पिठाची कळण्याची भाकरी घेतली तर ४. कळण्यात अख्खे उडीद दळलेले असतात, त्यामुळे प्रथिनंही जास्त मिळतात आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. तुमच्या ॲपला कळणं माहीत नाही म्हणून तुम्ही पोळीवर येऊ नका. पोळीपेक्षा तुमची भाकरी सरस आहे.

शेवभाजीत एक वेगळीच अडचण आहे. समजा २०० ग्रॅम शेव, १०० ग्रॅम तेल, वाटणात ५० ग्रॅम सुकं खोबरं. एकूण ४८ च्या आसपास, माणशी ८. पण हा भागाकार शेवभाजीत खोटा ठरतो, कारण तेल वर तरंगतं. ज्याच्या वाटीत तर्री आली त्याचे १२ होतात, ज्यानं खालचा रस्सा घेतला त्याचे ५-६. म्हणून रस्सा उकळला की गॅस बंद करून दहा मिनिटं स्थिर ठेवा. वर आलेली तर्री डावानं काढून वेगळ्या वाटीत ठेवा आणि ती वाटी ताटांच्या मध्ये मांडा. ज्याला हवी तो घेईल. चवीचा काळा मसाला रस्स्यात उतरलेला असतोच, त्यामुळे चव जात नाही. शेवही कढईत घालू नका, ज्याच्या त्याच्या वाटीत वरून घाला. किती घातली ते डोळ्यांना दिसतं.

मुगाच्या खिचडीवर आपल्याकडे कच्च्या तेलाची धार सोडतात. मला स्वतःला ती खिचडी फार प्रिय आहे आणि ती बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. धार सोडण्याऐवजी चमच्यानं घ्या. एक चमचा, एक पॉइंट. धारेचे किती होतात ते कुणालाच सांगता येत नाही, तिथेच तीन-चार पॉइंट निसटतात.

आता तेलाच्या डब्याबद्दल. घरातला सगळ्यात खरा आकडा तिथे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात २००० कॅलरीचं एक रोजचं ताट दिलं आहे. त्यात तेल-तूप माणशी २७ ग्रॅम आहे. सहा जणांचे दिवसाला १६२ ग्रॅम झाले. म्हणजे १५ किलोचा डबा तुमच्या घरात किमान तीन महिने चालायला हवा. मुलं लहान असतील तर आणखी जास्त. (डबा १५ लिटरचा असेल तर त्यात तेल पावणेचौदा किलोच्या आसपासच असतं, तेवढं लक्षात घ्या.) भिंतीवरच्या कॅलेंडरवर डबा फोडल्याची तारीख लिहा. तो दीड महिन्यात संपला तर प्रत्येक माणूस रोज दुप्पट तेल खातो आहे, आणि वरचं तेवढं तेलच माणशी रोजचे ५ पॉइंट आहे. ते ॲपमध्ये कुणीच टाकत नाही, कारण ते ताटात वेगळं दिसत नाही. दोन महिने काटा का हलला नाही याचं मोठं कारण मला इथे दिसतं. तुम्ही वाटी मोजत होतात आणि वाटीतलं तेल मोजलं जात नव्हतं.

सासूबाईंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. ताटावर बसून मोजमाप करणं आपल्याकडे कुणालाच रुचत नाही. शेजारी बसलेल्यालाही मग घास जड होतो. तुम्ही ताटावर मोजणं सोडाच. त्याऐवजी एकदा त्यांनाच विचारा, 'आई, शेवभाजीला तुम्ही किती तेल घालता?' त्या अंदाजानं घालतील. त्या घालतील तेवढंच तेल आधी वाटीत ओता, वाटी काट्यावर ठेवा, आकडा वहीत लिहा. भाकरीचंही तसंच. काठवटीत पीठ घेण्याआधी एकदा तोलायचं, किती भाकरी झाल्या ते मोजायचं, भागायचं. वर्षानुवर्षं ज्या हातानं घर जेवतंय त्या हाताचा अंदाज हाच तुमचा तक्ता आहे, आणि तो त्यांच्याशिवाय बनणार नाही. तेल कमी करण्याची गोष्टही तुमच्या वजनावरून काढू नका. सासऱ्यांच्या तब्येतीवरून काढा. ते कारण खरं आहे आणि त्या ते मनावर घेतील. एकदम निम्मं करू नका, दर पंधरवड्याला एक-दोन चमचे कमी करत चला. पूर्वी ज्या घरात दिवसभर शेतात राबणं होतं तिथे ते तेल अंगी लागत होतं. आता कामं बदलली, पळी तीच राहिली.

तुमच्या वयाला, उंचीला आणि घरकामाच्या हालचालीला दिवसाला २८ ते ३० पॉइंट बरोबर आहेत. २४ च्या खाली कधीही जाऊ नका, कितीही घाई झाली तरी. दोन वेळचा चहा ४, सकाळी एक भाकरी आणि दही ५, दुपारी भाकरी, भाजी आणि वाटीभर वरण मिळून १०, चारच्या सुमारास एक केळं आणि मूठभर फुटाणे ४, रात्री बेताची खिचडी, वर चमचाभर तेल आणि कढी ६. झाले २९. यात उपाशी राहण्यासारखं काही नाही.

आणि रात्रीच्या शेवेचं मूळ दुपारी आहे. तुम्ही दिवसभर पॉइंट 'वाचवता', म्हणजे उपाशी राहता. मग रात्री नऊला शरीर आपलं राहिलेलं वसूल करतं, आणि नेमका हाताशी शेवेचा डबा असतो. एक मूठ शेव ३ पॉइंटच्या वर. तीन मुठी खाल्ल्या की सगळी बचत गेली, वर स्वतःवरचा राग वेगळा. हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही, पोट रिकामं ठेवण्याचा परिणाम आहे. चारचं खाणं कधी चुकवू नका आणि वरणाला, उडदाला, मटकीला हात आखडू नका. घरात फुणके करत असाल तर फार चांगलं. डाळ वाफवलेली असते, तेल नावापुरतं लागतं आणि पोट छान भरतं.

केळ्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण खान्देशात हे फार होणार आहे. ॲपमध्ये फळांना शून्य देतात ते लोकांनी बिस्किटाऐवजी फळ उचलावं म्हणून. शून्य पॉइंट म्हणजे शून्य कॅलरी नव्हेत. एका मध्यम केळ्यात १०० च्या आसपास कॅलरी असतात. जिथे केळं विकत आणून एखादं खाल्लं जातं तिथे शून्य धरून चालतं. आपल्याकडे रावेर-यावलच्या नातेवाइकांकडून फणीच्या फणी घरी येते आणि ती काळी पडायच्या आत संपवायची असते. तुम्ही केळ्याचे सरळ २ पॉइंट धरा. दिवसाला एक खा, मजेत खा, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय याचा अभिमानही बाळगा. पण भुकेचं उत्तर म्हणून तीन-चार नकोत.

उपवासाचंही एक वाक्यात सांगते: साबुदाण्याची खिचडी फराळ असली तरी साबुदाणा, दाणे आणि तूप मिळून एक प्लेट १० च्या पुढे जाते, त्यापेक्षा भगर आणि ताक घ्या.

आखाजीला मोजू नका. खापरावरचे मांडे आणि आमरस वर्षातून त्या दिवशी असतात, माहेरी झोका बांधलेला असतो, बहिणी आलेल्या असतात. त्या दिवशी वही बंद. फक्त दोन गोष्टी पाळा. आदल्या दिवशी उपाशी राहून जागा करू नका आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची भाकरी-दही, तिथून नेहमीसारखं. उरलेले मांडे तीन दिवस पुरवून खाणं मात्र टाळा. वजन वाढतं ते सणाच्या दिवशी नाही, उरलेलं संपवण्यात वाढतं, आणि आपल्या घरांत ते संपवायचं काम बाईकडेच येतं. हे मला फार खुपतं. उरलेलं अन्न टाकू नये हे खरं, पण ते तुमच्याच पोटात जायला हवं असं नाही. शेजारी द्या, वाटून टाका.

उद्दिष्ट २० किलोचं ठेवू नका. पाच किलोचं ठेवा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच उद्दिष्ट त्यांना दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या ७४ किलोचे ७ टक्के म्हणजे पाच किलो. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तर उत्तम चाललंय असं समजा. रोज काट्यावर चढू नका, आठवड्यातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी. महिन्यातून एकदा टेपनं कंबर मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सीमा धरतात. कधी काटा थांबतो आणि टेप मात्र सरकलेली असते.

त्या क्वीन्सच्या बाईनं मैत्रिणींना घरी बोलावलं होतं, ते मला नंतर आलेल्या पॉइंटांपेक्षा मोलाचं वाटतं. तुमची भिशी असेलच. चार जणींनी आपापल्या घरच्या शेवभाजीचं तेल मोजून आणा आणि आकडे समोरासमोर ठेवा. कुणालाही बोल लावायचा नाही. कुणाच्या घरी कमी तेलात चव कशी जमते ते तिथेच कळेल, आणि संध्याकाळी चालायला सोबत मिळेल. आकड्यांचाच ताण यायला लागला, खाताना अपराधी वाटायला लागलं, तर महिनाभर वही बाजूला ठेवा. नुसती तेलाच्या डब्याची तारीख पाळली तरी चालेल.

ॲपचे पैसे भरलेच आहेत तर मुदत संपेपर्यंत पाकिटातल्या वस्तूंसाठी वापरा. बिस्किटं, टोस्ट, मुलांची वेफर्स. तिथे ते चोख चालतं. नंतर पुन्हा पैसे भरण्याची गरज नाही.

सुरू करण्याआधी स्वतःची थायरॉईड आणि शुगरची तपासणी करून घ्या. वजन न हलण्यामागे कधी तेही असतं. आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांना आधी भेटा. तेल कमी करायला हरकत नाही, पण गोळी तीच ठेवून भाकरी-भात कमी केला तर काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरणं, घाम फुटणं, डोकं हलकं होणं असं झालं तर लगेच साखरपाणी द्यायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, हे घरात सगळ्यांना, मुलांनाही, सांगून ठेवा. त्यांच्या ताटातली भाकरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कमी करू नका.